शब्द सभेचा, अर्थ कोणाचा? : रोमन सिनेट ते कॅथलिक धर्मपरिषद

इ. स. पू. ६३ च्या ५ डिसेंबर रोजी रोममधील कॉन्कॉर्डिया देवीच्या मंदिरात सिनेटची बैठक भरली होती. कॅटिलाइनच्या कटातील पाच प्रमुख व्यक्ती कैदेत होत्या आणि त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न कॉन्सल सिसेरोने सभागृहापुढे ठेवला होता. रिवाजाप्रमाणे पहिले मत नियोजित कॉन्सल सिलेनस याला विचारण्यात आले. परमावधीची शिक्षा द्यावी, असे त्याने सांगितले आणि सर्वांनी त्याचा अर्थ देहदंड असाच घेतला. पुढे नियोजित प्रीटर ज्यूलियस सीझर बोलावयास उठला. कैद्यांची मालमत्ता जप्त करून त्यांना इटलीतील निरनिराळ्या नगरांत बंदिस्त ठेवावे, नागरिकांना अशा रीतीने ठार मारण्याचा पायंडा पडू देऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. सभागृहाचा कल पालटू लागला तसा सिलेनस पुन्हा उभा राहिला. आपल्याला देहदंड अभिप्रेत नव्हताच, रोमन सिनेटरच्या बाबतीत परमावधीची शिक्षा म्हणजे कारावासच होय, असा खुलासा त्याने केला. ही हकीकत प्लुटार्कने दिली आहे. स्वीटोनियसची टिप्पणी अधिक बोचरी आहे : मत बदलणे लाजिरवाणे वाटल्यामुळे त्याने मताचा अर्थ बदलला.

त्या दिवशी अखेर सरशी झाली ती केटोची. तो नियोजित ट्रिब्यून होता, म्हणजे बोलण्याच्या क्रमात पुष्कळच खाली. त्याच्या भाषणानंतर सभागृह देहदंडाच्या बाजूला वळले आणि त्याच संध्याकाळी पाचही जणांना तुरुंगात गळा आवळून मारण्यात आले. सिलेनसचा प्रसंग इतिहासकार बहुधा एक गमतीचा तपशील म्हणून सांगतात. परंतु सभा या संस्थेविषयीचा एक मूलभूत प्रश्न त्यात दडलेला आहे. सभा ज्यावर शिक्कामोर्तब करते तो असतो शब्द. त्या शब्दाचा अर्थ कोणी सांगावयाचा? एका लेखकाच्या संहितेबाबत त्याच्या हेतूचा आधार निदान शोधता तरी येतो. सहाशे जणांनी मिळून संमत केलेल्या संहितेला हेतू कोणाचा मानावयाचा? भिन्न हेतूंच्या माणसांना एका वाक्याखाली उभे करता येणे हेच तर ठरावाचे कौशल्य. संदिग्धता हा ठरावातला दोष नसून पुष्कळदा तीच सहमतीची पूर्वअट असते. म्हणूनच सभा उठल्यानंतर कोणीतरी अर्थाचा राखणदार लागतो. रोममध्ये आणि रोमच्या चर्चमध्ये सत्तेचा खरा झगडा झाला तो मुख्यत्वे या राखणदारीसाठी, असे म्हणावयास हरकत नाही.

सिनेटच्या ठरावाला रोमन लोक जे नाव देत त्याचा अर्थच मुळी सल्ला असा होतो. तो कायदा नव्हे. बैठक बोलावणारा अधिकारी विषय मांडी, मग दर्जाच्या उतरत्या क्रमाने एकेकाला त्याची 'सेन्टेन्शिया', म्हणजे सविचार मत, विचारले जाई; आणि यांतले कोणते मत निर्णयासाठी घ्यावयाचे हे पुन्हा तो अधिकारीच ठरवी. त्यानंतर सदस्य उठून ज्याच्या त्याच्या बाजूला जाऊन उभे राहत. ज्यांची पाळी कधीच येत नसे अशा कनिष्ठ सदस्यांना पायांनी मत देणारे अशा अर्थाचे काहीसे उपहासाचे नाव पडले होते. ठराव लिहून काढताना साक्षीदार म्हणून काही सिनेटर हजर राहत आणि त्यांची नावे मजकुराच्या आरंभी येत. या सर्व विधीतून जे निर्माण होई ते सल्ल्याहून जड आणि आज्ञेहून हलके असे काहीतरी असे. रोमन लोक त्याला 'ऑक्टोरिटास' म्हणत. आपल्याकडील 'वजन' हा व्यवहारातला शब्द त्याला 'अधिकार' या शब्दापेक्षा जवळचा आहे. मात्र वजनाखाली केलेल्या कृत्याची जबाबदारी करणाऱ्याचीच राहते. इ. स. पू. ५८ मध्ये क्लोडियसने खटल्याविना नागरिकाचा वध करणाऱ्याविरुद्ध कायदा आणला, तेव्हा सिनेटच्या ठरावाची ढाल सिसेरोला वाचवू शकली नाही. त्याला हद्दपारीत जावे लागले.

कायदा करण्याचा अधिकार होता तो लोकसभांचा. पण या सभांत लोक बोलत नसत. भाषणे होत ती 'काँशिओ' नावाच्या वेगळ्या मेळाव्यात, आणि तिथे मतदान नसे. मतदान होई 'कोमिशिया'त, आणि तिथे चर्चा नसे. मांडलेला कायदा जसा विचारला तसा स्वीकारावयाचा किंवा जुनेच चालू ठेवावयाचे, इतकेच लोकांच्या हाती. दुरुस्ती सुचविण्याची सोय नव्हती. शिवाय मते मोजली जात ती माणशी नव्हे, गटवार. संपत्तीनुसार रचलेल्या शतकांच्या सभेत एकूण १९३ गट होते आणि जुन्या रचनेत अश्वारोहींचे १८ व पहिल्या वर्गाचे ८० मिळून ९८, म्हणजे बहुमत, वरच्या थरातच पुरे होई. बहुमत होताच मतदान थांबे. संपत्तीहीनांचा सारा जनसमुदाय ज्या एका गटात कोंबलेला होता, त्याच्यापर्यंत प्रश्न पुष्कळदा पोचतच नसे. इ. स. पू. १३९ पासून टप्प्याटप्प्याने गुप्त मतदान आले, मेणाच्या पाटीवर एक अक्षर लिहून मत देण्याची पद्धत रूढ झाली, आणि वरिष्ठांचा दबाव काहीसा सैल झाला. पण प्रश्न विचारण्याचा मक्ता अधिकाऱ्याकडेच राहिला. रोमन लोकसत्ता ही उत्तर देणाऱ्यांची सत्ता होती. प्रश्न रचणारे निराळे होते.

राजकीय सभेने धर्मात हात घातल्याचा एक जुना नमुना सुदैवाने मूळ रूपात उपलब्ध आहे. दक्षिण इटलीत तिरिओलो येथे १६४० मध्ये एक ब्राँझचा पत्रा सापडला; तो आता व्हिएन्नात आहे. बाकस देवाच्या गुप्त उत्सवांविषयी सिनेटने इ. स. पू. १८६ मध्ये केलेल्या निर्णयाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे. हा मजकूर सरसकट बंदी घालीत नाही, हे मुद्दाम पाहण्याजोगे आहे. ज्याला हा विधी करणे अपरिहार्य वाटते, त्याने नगर-प्रीटरकडे जावे. किमान १०० सदस्य हजर असताना सिनेटने परवानगी द्यावी. आणि मग विधीला पाचांपेक्षा जास्त माणसे नसावीत, त्यांत पुरुष दोन व स्त्रिया तीन. पाच माणसांनी एकत्र यावे की नाही हे ठरवावयास शंभर माणसांनी एकत्र यावे लागे! बाकस खरा की खोटा, याविषयी मात्र मजकुरात अवाक्षर नाही. सिनेटला चिंता होती ती तिच्या देखरेखीबाहेर भरणाऱ्या दुसऱ्या सभेची. सत्य हा सिनेटचा विषयच नव्हता. काय करावे, हा तिचा विषय.

ख्रिस्ती बिशपांनी सभा भरवावयास सुरुवात केली तेव्हा त्यांच्यासमोर कामकाजाचा हाच नमुना होता. १ सप्टेंबर २५६ रोजी उत्तर आफ्रिकेत कार्थेज येथे सिप्रियनच्या अध्यक्षतेखाली ८७ बिशप जमले. पाखंडी पंथात झालेला बाप्तिस्मा ग्राह्य मानावा की पुन्हा द्यावा, हा वाद होता. प्रत्येकाचे मत क्रमाने विचारून नोंदवले गेले, आणि या नोंदींना दिलेले नाव तेच : सेन्टेन्शिया. सिनेटच्या कार्यपद्धतीशी असलेल्या या साम्याकडे विसाव्या शतकात बातिफॉल आणि द्वोर्निक या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. सिप्रियनने आरंभीच स्पष्ट केले, की येथे कोणी कोणाचा न्याय करणार नाही आणि वेगळे मत दिल्याबद्दल कोणाला बहिष्कृत केले जाणार नाही. रोमन सिनेटरही याहून निराळे बोलला नसता. सर्व ८७ मते एकाच बाजूची पडली : बाप्तिस्मा पुन्हा द्यावा. रोमचा बिशप स्टीफन याला ते मान्य नव्हते. ३१४ मध्ये आर्ल येथे भरलेल्या परिषदेने आफ्रिकेची प्रथा बाजूला सारली, आणि पुढे पाश्चात्त्य चर्चने रोमचेच मत धरले. एकमताने झालेला निर्णय चुकीचा ठरला! ऑगस्टीनला या प्रकरणाचा फार विचार करावा लागला. सिप्रियन हुतात्मा, पूज्य. आणि तरी त्याची परिषद चुकलेली. मोठ्या परिषदांचे निर्णयदेखील नंतरच्या परिषदा दुरुस्त करतात, असे त्याने बाप्तिस्म्यावरील ग्रंथात मान्य केले. ही कबुली प्रामाणिक खरी, पण सोयीची नव्हे. कारण मग कोणती परिषद शेवटची मानावयाची, हा प्रश्न उघडाच राहतो.

३२५ मध्ये नायसिया येथे हा प्रश्न एकदम राजकीय झाला. परिषद बोलावली ती सम्राट कॉन्स्टन्टाइनने. त्याने उद्घाटनाचे भाषण लॅटिनमध्ये केले आणि बहुसंख्य ग्रीकभाषक बिशपांसाठी त्याचा अनुवाद करावा लागला. पुत्र हा पित्याशी कोणत्या अर्थाने एक आहे, या वादावर जो शब्द श्रद्धावाक्यात घातला गेला तो 'होमोऊसिओस', म्हणजे एकाच सत्त्वाचा. हा शब्द बायबलमध्ये नाही. एवढेच नव्हे, तर २६८ मध्ये अँटिओक येथील परिषदेने तो नाकारला होता, असे चौथ्या शतकातील लेखक सांगतात. म्हणजे एका सभेने टाकलेला शब्द दुसऱ्या सभेने उचलला.

सीझेरियाचा बिशप युसेबियस या परिषदेत अडचणीत होता. त्याला हा शब्द पसंत नव्हता. त्याने सही केली आणि लगोलग आपल्या स्थानिक चर्चला एक पत्र लिहिले. ते पत्र उपलब्ध आहे. आपण हा शब्द कोणत्या अर्थाने स्वीकारला, सम्राटाने तो कसा उलगडून सांगितला, त्यातून भौतिक विभागणी सूचित होत नाही हे कसे मान्य झाले, याचे त्यात सविस्तर विवरण आहे. विद्वान बिशपाने लिहिलेला हा सिलेनसचाच खुलासा होय. शब्द सर्वांचा, अर्थ ज्याचा त्याचा. फरक आहे तो परिणामात. सिलेनसला त्याच्या लवचीकपणाची किंमत म्हणून थोडी अपकीर्ती सोसावी लागली, एवढेच. विरुद्ध बाजूला उभा राहिलेला सीझर सुखरूप घरी गेला. नायसियात सही नाकारणारे सेकुंदस आणि थिओनस हे दोघे बिशप एरियसबरोबर हद्दपार झाले, आणि श्रद्धावाक्याच्या शेवटी वेगळे बोलणाऱ्यांवर अभिशाप जोडला गेला. सिनेटमध्ये अल्पमत म्हणजे हरलेला सल्ला होता. परिषदेत अल्पमत म्हणजे असत्य झाले. 'काय करावे' या प्रश्नासाठी घडवलेले यंत्र 'काय आहे' या प्रश्नाला जुंपले गेले, त्याचा हा परिणाम होता. सत्याला बहुमत पुरत नाही. त्याला एकमत लागते, किंवा एकमताचा देखावा तरी. ३५९ मध्ये रिमिनी येथे ४०० हून अधिक बिशप जमले आणि सम्राटाच्या दडपणाखाली नायसियाचा शब्द सोडून मोकळे झाले, तेव्हा संख्येचाही भरवसा उरला नाही.

याच काळात सिनेटही एकमुखी होत चालली होती. ४३८ मध्ये थिओडोसियसची विधिसंहिता रोमच्या सिनेटपुढे ठेवण्यात आली त्या बैठकीचे इतिवृत्त शिल्लक आहे. त्यात मतभेद नाहीत, मतेही नाहीत. आहेत ते जयघोष, आणि प्रत्येक घोष किती वेळा झाला त्याचा आकडा. तेरा वर्षांनी भरलेल्या कॅल्सिडनच्या परिषदेचे इतिवृत्तही अशा घोषांनी भरलेले आहे. सहमती मोजण्याऐवजी तिचा आवाज मोजण्याची ही तऱ्हा दोन्ही संस्थांत एकाच वेळी दिसावी, हा योगायोग म्हणता येत नाही.

मध्ययुगीन चर्चच्या विधिज्ञांनी या कोंडीतून वाट काढण्यासाठी पुन्हा रोमन कायद्याकडेच धाव घेतली. जस्टिनियनच्या संहितेत अज्ञान मुलाच्या पालकांसंबंधीच्या एका नियमात असे म्हटले होते, की जे सर्वांना स्पर्श करते त्याला सर्वांची संमती हवी. खासगी मालमत्तेविषयीचे हे साधे सूत्र तेराव्या शतकात धर्मपरिषदांचे, आणि पुढे संसदांचेही, तत्त्व बनले. त्याच्याच जोडीला 'थोरला आणि अधिक शहाणा भाग' ही एक चमत्कारिक कल्पना होती : बहुमत मोजावयाचे, पण शहाणपणही तोलावयाचे. शहाणा भाग कोणता हे सांगणारा कोण, हे मात्र सूत्रात नव्हते. पोपच्या निवडणुकांतील भांडणांना कंटाळून ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने शेवटी तोलणे सोडून दिले आणि दोनतृतीयांश हा निव्वळ आकडा ठरविला.

कॉन्स्टन्स येथे १४१४ ते १४१८ या काळात भरलेल्या परिषदेपुढे एकाच वेळी तीन पोप होते. तिसऱ्याने, म्हणजे पुढे वैध यादीतून वगळल्या गेलेल्या जॉनने, इटालियन बिशप मोठ्या संख्येने आणले होते. डोकी मोजली असती तर तोच जिंकता. तेव्हा विद्यापीठांतील प्रथेप्रमाणे राष्ट्रवार मतदान ठरले : इटालियन, जर्मन, फ्रेंच, इंग्रज, आणि नंतर स्पॅनिश. प्राचीन रोममधील गटवार मतदानाने बहुसंख्य गरिबांचा आवाज दाबला होता. त्याच युक्तीने येथे पोपच्या फौजेचा आवाज दाबला. यंत्राला स्वतःची बाजू नसते हेच खरे. एप्रिल १४१५ मध्ये परिषदेने जाहीर केले, की तिचा अधिकार थेट ख्रिस्ताकडून आलेला आहे आणि पोपसुद्धा तिला बांधील आहे. तीन महिन्यांनी याच परिषदेने यान हुसला जिवंत जाळण्यासाठी राजसत्तेच्या हवाली केले. परिषदेच्या सार्वभौमत्वाचे गोडवे गाणाऱ्यांना ही दोन कृत्ये वेगळी करून दाखविणे कठीण जाते. १४१७ मध्ये एक नवा पोप निवडला गेला, आणि त्या नव्या पोपचे वारसदार परिषदांना टाळू लागले. बाझेलच्या परिषदेत परिषदवादाची बाजू लिहिणारा तरतरीत सचिव एनेया सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी १४५८ मध्ये स्वतः पोप झाला. १४६० मध्ये त्याने पोपविरुद्ध परिषदेकडे दाद मागण्यास बंदी घातली आणि नंतर आपले तरुणपणीचे लेखन रीतसर मागे घेतले. स्वतःच्या संहितेवर लेखकाने असा अधिकार गाजविल्याची उदाहरणे वाङ्मयाच्या इतिहासातही थोडीच असतील.

राखणदारीचा प्रश्न अगदी उघडपणे सुटला तो ट्रेंटच्या परिषदेनंतर. अठरा वर्षे रेंगाळलेली ही परिषद डिसेंबर १५६३ मध्ये संपली. जानेवारी १५६४ मध्ये चौथ्या पायसने तिचे ठराव कायम केले आणि त्याच फर्मानात, पोपच्या परवानगीवाचून या ठरावांवर भाष्य, टीका वा टिपण लिहिण्यास मनाई केली. अर्थ सांगण्यासाठी कार्डिनलांचे एक कायम मंडळ रोममध्ये नेमण्यात आले. सभेने शब्द द्यावेत आणि अर्थ कार्यालयाने द्यावा, अशी ही वाटणी. पाओलो सार्पीने परिषदेतील डावपेचांसह तिचा इतिहास लिहिला, तो १६१९ मध्ये लंडनला छापावा लागला आणि लगेच निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला. या ठरावांची सावली मराठी-कोकणी मुलखापर्यंत पोचली, हे येथे नोंदवले पाहिजे. ट्रेंटची अंमलबजावणी करण्यासाठी गोव्यात १५६७ मध्ये पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. तिचे ठराव ख्रिस्ती प्रजेपुरते मर्यादित नव्हते. हिंदू पुरोहितांची हकालपट्टी आणि ख्रिस्तीतरांना सक्तीने प्रवचनास बसविणे असे विषय त्यांत होते, आणि व्हाइसरॉयने त्याच वर्षी त्यांना राज्याच्या हुकमाचे बळ दिले. जे सर्वांना स्पर्श करते त्याला सर्वांची संमती हवी, हे सूत्र मांडवीच्या काठी कोणालाही आठवले नाही.

१८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने वाटणीची ही प्रक्रिया पूर्णत्वास नेली. १३ जुलैच्या चाचणी मतदानात ८८ जणांनी 'नॉन प्लासेट', पसंत नाही, असे स्पष्ट सांगितले होते. १८ जुलैच्या अंतिम मतदानापूर्वी विरोधकांपैकी बरेच जण पोपविरुद्ध जाहीर मत देण्याचा प्रसंग टाळण्यासाठी रोम सोडून गेले, आणि निकाल ५३३ विरुद्ध २ असा लागला. संमत झालेल्या मजकुरात म्हटले होते, की पोपच्या विशिष्ट व्याख्या स्वयमेव अपरिवर्तनीय आहेत, चर्चच्या संमतीमुळे नव्हेत. संमती अनावश्यक आहे, हे संमतीने ठरले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६२ ते १९६५ या काळात, जुने रोमन प्रश्न पुन्हा जिवंत झालेले दिसतात. २० नोव्हेंबर १९६२ रोजी दैवी प्रकटीकरणाच्या स्रोतांविषयीच्या मसुद्यावर मतदान झाले. मसुदा बहुतेकांना नापसंत होता. पण प्रश्न विचारला गेला तो असा, की चर्चा थांबवावी काय? म्हणजे मसुदा नको असलेल्यांनी 'प्लासेट' म्हणावयाचे आणि हवा असलेल्यांनी 'नॉन प्लासेट'. शिवाय 'होय'च्या बाजूला दोनतृतीयांश मते हवीत. १३६८ जणांनी थांबवा म्हटले, ८२२ जणांनी चालू ठेवा म्हटले, १९ मते बाद झाली. बहुमत १०५ मतांनी अपुरे पडले. चर्चा चालू ठेवावी काय, असा प्रश्न असता तर मसुद्याचे समर्थक दोनतृतीयांशांच्या आसपासही पोचले नसते. प्रश्न रचणाऱ्याची सत्ता किती असते, हे कोमिशियातील रोमन मतदाराला समजावून सांगावे लागले नसते. दुसऱ्या दिवशी तेविसाव्या जॉनने हस्तक्षेप करून मसुदा मागे घेतला आणि बहुमताला त्याचे म्हणणे परत मिळवून दिले. सभेचे मत खरे ठरविण्यासाठी सभेबाहेरची सत्ता लागावी, हे या परिषदेचे वैशिष्ट्य पुढेही टिकले.

दोन वर्षांनी बिशपांचा समुदाय आणि पोप यांच्या संबंधांवरील दस्तऐवज अंतिम मतदानाला आला. त्यात बिशपांच्या समुदायाला 'कोलेजियम' म्हटले होते. १६ नोव्हेंबर १९६४ रोजी वरिष्ठ अधिकाराच्या सूचनेवरून एक स्पष्टीकरणात्मक टिपण वाचून दाखविण्यात आले. कोलेजियम हा शब्द काटेकोर कायदेशीर अर्थाने, म्हणजे आपला अधिकार अध्यक्षाकडे सोपविणारा समानांचा समूह या अर्थाने, घ्यावयाचा नाही, असे त्यात म्हटले होते. ज्या अर्थाने हा शब्द रोमन कायद्यातून आला होता, जवळजवळ त्याच अर्थाला हा मज्जाव होता. टिपणावर मतदान झाले नाही. पाच दिवसांनी दस्तऐवज २१५१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला, आणि ज्यांनी मते दिली त्यांनी नेमका कोणता शब्द संमत केला, टिपणापूर्वीचा की टिपणानंतरचा, यावर धर्मशास्त्रज्ञांत पुढे वाद माजला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये रोम येथे संपलेल्या सिनडमध्ये ३५५ सदस्यांनी परिच्छेदवार मतदान केले. एका वर्षापूर्वीच्या सत्रापासून स्त्रियांनाही मताचा अधिकार मिळालेला होता. सर्व परिच्छेद दोनतृतीयांशांनी संमत झाले. सर्वाधिक विरोध झाला तो स्त्रियांच्या स्थानाविषयीच्या ६० व्या परिच्छेदाला : २५८ अनुकूल, ९७ प्रतिकूल. पोप फ्रान्सिस यांनी प्रथेप्रमाणे स्वतःचे वेगळे पत्र काढणार नसल्याचे जाहीर करून सिनडचाच दस्तऐवज प्रसिद्ध केला, तेव्हा शब्द आणि अर्थ दोन्ही एकदाचे सभेकडे आले असे अनेकांना वाटले. २४ नोव्हेंबरला त्या दस्तऐवजाला जोडण्यासाठी एक टिपण निघाले. हा दस्तऐवज पोपच्या सामान्य शिकवणुकीचा भाग आहे, त्याचा स्वीकार व्हावा, मात्र तो काटेकोर अर्थाने नियमवजा नाही आणि त्याच्या अंमलबजावणीस निरनिराळ्या मध्यस्थी लागतील, असे त्यात सांगितले होते. सल्ल्याहून जड, आज्ञेहून हलके. टिपणाखाली सही एकट्या फ्रान्सिस यांची होती.